उभं आहे, पण किती उभं आहे?

अकरावीच्या फिजिक्समधला सगळ्यात दुर्लक्षित भाग कुठला असेल तर तो स्टॅटिक इक्विलिब्रियम, म्हणजे न हलणाऱ्या वस्तूंचा तोल. प्रोजेक्टाइलमध्ये निदान चेंडू उडतो, कोलिजनमध्ये काहीतरी कशावर तरी आपटतं, इथं मात्र सगळं नुसतं उभं. शिडी भिंतीला टेकून उभी, फळी दोन टेकूंवर आडवी, त्या फळीच्या एका टोकाला कुणीतरी एक माणूस उगाचच जाऊन थांबलेला, आणि आपण काढायचं काय तर कुठल्या टेकूवर किती भार. सगळ्या बलांची बेरीज शून्य, सगळ्या टॉर्कची (म्हणजे वस्तू फिरवू बघणाऱ्या जोरांची) बेरीज शून्य, तीन मार्क खिशात, चला पुढे. मी बरीच वर्षं सांगलीत अकरावी-बारावीला शिकवतोय आणि दर बॅचला मागच्या बाकावरनं कुणीतरी विचारतंच, सर, जे हलतच नाही त्याचं शिकायचं काय?

प्रश्न रास्त आहे, कारण आम्ही ते शिकवतोच तसं. त्या बेरजा फक्त एवढंच सांगतात की वस्तू आत्ता या क्षणाला पडत नाहीये. पडण्यापासून ती किती लांब आहे हे त्यांना माहितीच नसतं. पेन्सिल टेबलावर आडवी पडलेली असली तरी बेरीज शून्य, आणि टोकावर उभी केली (करून बघा, जमली तर मलाही कळवा) तरी बेरीज शून्यच. मग पुस्तक या फरकासाठी एक अर्धं पान देतं, त्यात तीन चित्रं, वाटीत गोटी, उपड्या वाटीवर गोटी, सपाट टेबलावर गोटी. स्थिर, अस्थिर, उदासीन. पोरं पाठ करतात आणि मोकळी होतात. पण घरातलं कपाट घ्या ना, ते यातल्या कुठल्या चित्रात बसतं? जरा ढकललं तर परत मागं येऊन उभं राहतं, म्हणजे वाटीतली गोटी. अजून थोडं ढकललं तर सरळ अंगावर येतं, म्हणजे उपडी वाटी. एकाच कपाटाची दोन रूपं आणि मध्ये कुठंतरी एक हद्द, आणि त्या हद्दीबद्दल पुस्तक अवाक्षर काढत नाही. मला सगळा रस त्या हद्दीतच आहे.

म्हणून मी वर्गात पहिल्यांदा पुस्तकांचा खेळ करतो. एकाच मापाची चार जाड पुस्तकं घ्यायची, समजा २४ सेंटिमीटर लांबीची, आणि टेबलाच्या कडेला एकावर एक अशी सरकवत रचायची की सगळ्यात वरचं पुस्तक अख्खंच्या अख्खं टेबलाच्या बाहेर गेलं पाहिजे. चिकटपट्टी नाही, वजन नाही, हात धरायचा नाही. बहुतेक पोरं जिन्याच्या पायऱ्यांसारखी सारख्या अंतराने सरकवत जातात आणि धडाम. तसं केलं तर हिशोबाने जास्तीत जास्त पुस्तकाच्या चार-पंचमांश लांबीपर्यंतच जाता येतं, त्यापुढे सगळा डोलारा खाली. युक्ती अशी की विचार खालून करायचाच नाही, वरून करायचा. सगळ्यात वरचं पुस्तक त्याच्या खालच्यावर अर्धं बाहेर काढता येतं, म्हणजे १२ सेंटिमीटर, कारण त्याचा गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू) बरोब्बर मधोमध असतो. आता ही दोन मिळून एक वस्तू धरायची, त्यांचा मिळून गुरुत्वमध्य काढला की ती जोडी तिसऱ्यावर पाव लांबीने बाहेर जाते, ६ सेंटिमीटर. तिघांची चळत चौथ्यावर एक-षष्ठांश, ४. आणि चारही टेबलाच्या कडेवर एक-अष्टमांश, ३. बारा अधिक सहा अधिक चार अधिक तीन, पंचवीस! पुस्तक चोवीसचं. म्हणजे वरचं पुस्तक टेबलाच्या बाहेर जाऊन वर एक सेंटिमीटर शिल्लक.

ही बेरीज फळ्यावर लिहिली की वर्ग शांत होतो आणि मग कुणीतरी खरंच रचायला येतं आणि परत धडाम, कारण बरोब्बर १२, ६, ४, ३ अशी रचली तर प्रत्येक पुस्तक अगदी हद्दीवर उभं असतं, वरचा फॅन चालू असला तरी पुरे. मग करायचं काय, तर तो जास्तीचा एक सेंटिमीटर चौघांत वाटायचा. प्रत्येक पुस्तक दोन-दोन मिलिमीटर आत घ्यायचं. बेरीज २४.२, अजूनही वरचं पुस्तक टेबलाच्या बाहेरच आहे, दोन मिलिमीटरने का होईना, पण आता प्रत्येकाकडे थोडी उसंत आहे. हे जमतं. पाचवं पुस्तक खाली घातलं तर आणखी २.४ सेंटिमीटर मिळतात आणि मग तर आरामात जमतं. तत्त्वतः हे कितीही लांब नेता येतं पण फार हळू, पुस्तकाच्या दुप्पट लांबी बाहेर काढायला ३१ पुस्तकं लागतात आणि तिप्पट काढायला २२७, म्हणजे अख्खं कपाट रिकामं करा.

मला दाखवायचं असतं ते एवढंच की मागच्या बाकावरून बघितलं तर दोन्ही चळती सारख्याच दिसतात. एक बोट लागलं की पडणारी आणि एक बऱ्यापैकी टिकणारी. दोन्हीकडे बेरीज शून्य.

मग ही उसंत मोजायची कशी? सोपं आहे, वस्तू हळूहळू कलती करत जायची आणि कुठल्या कोनाला तिचा गुरुत्वमध्य बुडाच्या बाहेर जातो ते बघायचं. बुडाची अर्धी रुंदी भागिले गुरुत्वमध्याची उंची, हे त्या कोनाचं टॅन. बूड पसरट तर कोन मोठा, बोजा वर तर कोन लहान, बास. लंडनमध्ये डबलडेकर बसला हीच परीक्षा द्यावी लागते, वरचा मजला भरलेला, खालचा रिकामा, म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थिती मुद्दाम तयार करायची (माणसांऐवजी वाळूची पोती), आणि बस एका बाजूला २८ अंशांपर्यंत तिरकी करून दाखवायची. या परीक्षेचे जुने फोटो बघितले तर पोटात गोळा येतो, आता गेली असं वाटतं, पण जात नाही, कारण इंजिन, चॅसी, सगळं जड सामान खाली असतं आणि वरचा मजला त्यामानाने हलका. आपल्या मुंबईतही डबलडेकर १९३७ पासून धावत होत्या, जुन्या डिझेलवाल्या सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या. वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर बसून वळण घेताना बस झुकली की जे वाटायचं ते २८ अंशांच्या आसपाससुद्धा नसायचं, पण आपल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्राला टॅन थीटा कुठं कळतो.

शरीराचं तर विचारूच नका. भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून उभं राहा आणि गुडघे न वाकवता खाली पडलेला खडू उचला म्हणतो मी, आख्ख्या वर्गात एकालाही जमत नाही, कारण वाकताना ढुंगण मागं जायला लागतं आणि मागं भिंत आहे. खुर्चीत ताठ बसून पुढं न झुकता, पाय आत न घेता उठा, तेही नाही. आयुष्यभर आपण रोज शंभर वेळा आपला गुरुत्वमध्य पावलांच्या वर आणून ठेवत असतो आणि पत्ताच नसतो. डोक्यावर हंडा आणि त्यावर कळशी घेऊन चालणाऱ्या बायका तर हा हिशोब दर पावलाला करतात. डोकं गोल, हंड्याचं बूड गोल, दोन गोल एकमेकांवर टेकले तर एका ठिपक्यावर टेकणार, म्हणून मध्ये चुंबळ. जुन्या लुगड्याची घट्ट पिळलेली ती गोल कडी त्या ठिपक्याची चांगली वीतभर रुंदीची बैठक करते. गावोगावच्या बायकांच्या हातात ही अक्कल पिढ्यान्‌पिढ्या होती आणि आम्ही इकडं फळ्यावर बेस ऑफ सपोर्ट असं लिहून तीनदा अधोरेखित करतो.

रिक्षाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. तीन पायांची वस्तू कधी डुगडुगत नाही, तीन बिंदूंतून एक सपाटी जातेच जाते, त्यामुळं तीन पायी स्टूल कसल्याही खडबडीत जमिनीवर टेकतं. चार पायांचं टेबल मात्र चहाच्या हॉटेलात डुगडुगतं आणि पोऱ्या बिलाचा कागद घडी करून पायाखाली सारतो. (कागद नको असेल तर चौकोनी टेबल जागच्या जागी हळूहळू फिरवून बघा, पाय सारखे असतील आणि फरशीला अधेमधे पायरी नसेल तर पाव फेरा व्हायच्या आत चारही पाय टेकतात, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. हॉटेलवाले कसे बघतात ते मात्र तुमचं तुम्ही निस्तरा.) शिवाय चार पायांवर किती-किती भार आहे हे नुसत्या इक्विलिब्रियमच्या समीकरणांनी सुटतच नाही, अज्ञात चार आणि समीकरणं तीन, मग लाकूड किती दबतं फरशी किती दबते हे धरावं लागतं. तिथं तीन पाय सरळ जिंकतात. पण पडायची वेळ आली की तीन पाय हरतात, कारण बूड चौकोनी नसून त्रिकोणी असतं. रिक्षाची मागची दोन चाकं आणि पुढचं एक, त्रिकोणाचं टोक पुढं. बोजा मागच्या ॲक्सलजवळ असेल तर दोन्ही बाजूला भरपूर जागा, जसजसा बोजा पुढं सरकेल तसतशी जागा कमी, आणि बरोब्बर मध्यावर आला तर मागच्या रुंदीच्या निम्मीच. आता शेअर रिक्षात मागं तीन-चार बसवून झाल्यावर ड्रायव्हरशेजारी डाव्या-उजव्या अंगाला जे दोघं अर्धे बाहेर लोंबकळत बसतात ते नेमके त्या त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे वजन नेतात, आणि वळणावर ब्रेक मारला की भार अजून पुढं. ड्रायव्हरला हे पुस्तकातनं माहिती नसतं पण तो वळणावर अंग आतल्या बाजूला टाकतो ते उगाच नाही.

इथपर्यंत सगळ्या गोष्टी कडक जमिनीवर उभ्या होत्या. पिसाचा मनोरा आला की पोरं खूश होतात, प्रत्येकाने फोटो बघितलेला असतो, आणि प्रत्येकाला वाटतं की त्याचाही हिशोब तसाच, ओळंबा बुडाच्या बाहेर गेला की पडला. मी म्हणतो काढा मग. उंची साधारण ५६ मीटर, पायाचा व्यास साडेएकोणीस मीटरच्या आसपास, गुरुत्वमध्य जमिनीपासून बावीस-तेवीस मीटरवर. टॅन काढा. उत्तर येतं साधारण २३ अंश! आणि १९९० मध्ये, जेव्हा घाबरून तो लोकांसाठी बंद केला, तेव्हा तो कलला होता किती तर साडेपाच अंश. त्या कलात गुरुत्वमध्य मधल्यापासून दोन-सव्वादोन मीटर सरकतो, कडेपर्यंत अजून सात मीटर बाकी. मग एवढी घाबरगुंडी कशाला?

कारण खाली चिखल आहे. म्हणजे मऊ चिकणमाती. मनोरा कलला की त्या बाजूच्या मातीवर भार वाढतो, भार वाढला की माती अजून दबते, दबली की कल वाढतो. साडेचौदा हजार टनांचं ओझं आणि खाली अशी जमीन, ओळंबा आत असला तरी काय उपयोग, बूडच बुडतंय. पुस्तकातली कड पक्की असते, इथं कडच सरकत होती. ११७३ साली काम सुरू झालं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जाताजाताच तो कलू लागला, मग लढायांमुळं जवळजवळ शंभर वर्षं काम बंद, आणि गंमत म्हणजे त्या बंदमुळंच तो वाचला, कारण तेवढ्या काळात खालची माती दबून जरा घट्ट झाली, सलग बांधला असता तर तेव्हाच आडवा झाला असता. पुढच्या लोकांनी वरचे मजले उलट्या बाजूला वळवून बांधले म्हणून तो नीट बघितला तर केळ्यासारखा वाकडा आहे. १९३४ मध्ये मुसोलिनीच्या राज्यात पायात सिमेंट ओतायचा पराक्रम केला तर तो अजून कलला.

घाबरायचं आणखी एक कारण होतं. मार्च १९८९ मध्ये पाविया नावाच्या गावातला जुना मनोरा एका सकाळी कोसळला आणि चार माणसं गेली. तो तर कललेला म्हणून प्रसिद्धसुद्धा नव्हता. मग पिसाला आधी वर आलेल्या बाजूला, म्हणजे उत्तरेला, शिशाचे शेकडो टन ठोकळे ठेवले, आणि १९९५ मध्ये ते कुरूप ठोकळे काढून जमिनीखाली अँकर (मनोऱ्याला खाली धरून ठेवणारे) घालायचा प्रयत्न करताना मनोरा एकदम हलायला लागला, काम थांबवून अजून शिसं आणून टाकावं लागलं. शेवटी जे केलं ते ऐकून पोरं हसतात. पडणाऱ्या बाजूला टेकू दिला नाही, ओढला नाही, ढकलला नाही, तर उलट बाजूखालची माती तिरक्या भोकांतून थोडी-थोडी काढून घेतली. रोज जरा-जरा, माप घेत-घेत. ती बाजू खाली बसली, मनोरा अर्ध्या अंशाने मागं आला, वरचं टोक चाळीसेक सेंटिमीटरच्या वर सरकलं, डिसेंबर २००१ मध्ये लोकांना परत वर सोडायला लागले. अर्धा अंश! साडेपाचातला अर्धा. नुसत्या डोळ्यांना कळणारही नाही. मला विचाराल तर इंजिनिअरिंगमधलं याच्याइतकं सभ्य काम दुसरं नाही, पण ते जाऊ दे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला तंजावरच्या राजाराणीच्या बाहुल्या, बूड अर्धगोल आणि मातीने जड, कितीही आडवी करा, उठून बसते, कारण तिला कलतं केलं की तिचा गुरुत्वमध्य वर उचलला जातो. पण तिथं बुडात वजन घालून लबाडी केलेली असते. सगळीकडे सारख्याच वजनाची, आत काहीही न लपवलेली, कुठंही खळगा नसलेली आणि तरी स्थिर उभं राहायची एकच जागा आणि अस्थिर तोलाचीही एकच जागा असलेली वस्तू असू शकते का, हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता आणि २००६ मध्ये हंगेरीच्या दोमोकोश आणि वार्कोन्यी या दोघांनी ती बनवून दाखवली, नाव गोम्बोत्स (Gömböc). मग लक्षात आलं की तिच्या जवळपास जाणारा आकार आपल्याकडच्या स्टार कासवाच्या पाठीला आधीपासून आहे, ते उताणं पडलं तरी पाठीच्या घुमटावरून लोळत बऱ्यापैकी सहज सुलटं होतं. (बघायला म्हणून घरी आणू नका, पाळणं गुन्हा आहे.)

हे सगळं झालं की शेवटचं गणित ट्रॉलीचं. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडं रस्त्यात उसाची ट्रॉली पलटी झालेली दिसणं ही काही बातमी नसते, त्यामुळं पुस्तकातल्या फळीवरच्या माणसापेक्षा हे पोरांना जवळचं. समजा दोन चाकांमधलं अंतर १.८ मीटर, अर्धं ०.९. बेताने भरली आणि गुरुत्वमध्य १.२ मीटरवर राहिला तर पडायचा कोन ३७ अंश. मोळ्या रचत-रचत गुरुत्वमध्य २ मीटरवर नेला तर २४. पोरं म्हणतात, सर २४ अंशांचा रस्ता कुठं असतो. नसतोच. पण समोरनं गाडी आली, बाहेरचं चाक डांबरावरून साईडपट्टीवर उतरलं, ३० सेंटिमीटरची पायरी, साडेनऊ अंश झाले. तिथंच वळण आहे, त्रिज्या १५ मीटर, स्पीड ताशी २०, तर वळताना बाहेर फेकल्यासारखं जे होतं ते आणखी १२ अंश कलल्याबरोबर. साडेएकवीस. निभावलं. तेच स्पीड २५ चा झाला तर बारांचे अठरा होतात आणि बेरीज साडेसत्तावीसच्या वर. गेली. ताशी पाच किलोमीटरचा फरक, आणि बेताने भरलेल्या ट्रॉलीला तेव्हाही नऊ अंश शिल्लक.

यंदा हे करून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे विचारलं, काय करायला पाहिजे, आणि नेहमीचीच उत्तरं आली, स्पीड कमी, साईडपट्टी भरून घ्या, दोन थर कमी रचा. वाळव्याकडनं येणारा एक पोरगा, एरवी गप्प असतो, म्हणाला, "थर कमी रचून कसं चालंल सर, वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, डिझेल तेवढंच जातंय." वर्ग हसला, मी नाही हसलो, कारण तो बरोबर बोलत होता. मग तोच म्हणाला, "त्यापेक्षा उलटं काढून द्या. साईडपट्टी धरून, पंचवीसच्या स्पीडला, जास्तीत जास्त किती उंच चालतंय?" काढलं. ०.९ भागिले साडेसत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं टॅन, उत्तर १.७ मीटर, आणि तेही अगदी हद्दीवर. मी म्हटलं पुस्तकांचं आठवतंय ना, थोडं आत घे. त्याने वहीत १.५ लिहिलं, माझ्याकडं बघितलं, खोडून १.६ केलं. मी म्हटलं अरे १.६ ला पावणेदोन अंशसुद्धा उरत नाहीत.

"ट्रॅक्टरवर आमचे काका असत्यात सर," तो म्हणाला, "ते वळणाला वीसनीच घेतात."